आधी पाणी, मग मासे : घरच्या मत्स्यालयाचा आरंभ

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. कराडलगतच्या मलकापुरात आणि कृष्णा-कोयनाकाठच्या गावांतही घराच्या सोप्यात अशी टाकी दिसू लागली आहे. मुलांच्या हट्टाखातर ती घरी येते, आलेल्या-गेलेल्यांची नजर तिच्याकडे जाते, आणि काही घरांना तीतून लहानसा जोडधंदाही सुचतो. तथापि अशा टाक्यांपैकी पुष्कळशा दोन-तीन महिन्यांच्या आत माळ्यावर जाऊन पडतात. टाकी, वाळू, झाडे आणि मासे ही सर्व खरेदी एकाच दिवशी होते. त्याच संध्याकाळी मासे पाण्यात सोडले जातात. चार दिवसांनी पाणी गढूळ होते, आठव्या दिवशी मासे वर येऊन तोंड वासू लागतात, आणि पंधरवडा संपण्याच्या आत टाकी रिकामी होते. दोष दुकानदाराला दिला जातो, कधी माशांच्या जातीला, तर कधी नशिबाला. वस्तुतः दोष बहुधा घाईचा असतो.

मासा पाळणे म्हणजे मुख्यतः पाणी पाळणे होय. पाणी निरोगी राहिले तर साधा मासाही वर्षानुवर्षे जगतो. पाणी बिघडले तर महागातला मासाही वाचत नाही. ज्या शेतकऱ्याला उसाची लागण, भाजीपाल्याची तोडणी आणि जनावरांची धार यांतून दिवसाकाठी जेमतेम दहा मिनिटे सवड मिळते, त्यालाही मत्स्यालय उत्तम रीतीने सांभाळता येते. मात्र आरंभीचे चार ते सहा आठवडे धीर धरण्याची तयारी हवी.

पाणी मुरणे म्हणजे काय

ताजे शेण पिकाच्या बुंध्याशी घातले तर पीक पिवळे पडते. तेच शेण खड्ड्यात कुजून मुरले म्हणजे पिकाला पोसते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. टाकीतील पाण्याचेही असेच आहे.

मासा खातो, श्वास घेतो आणि विष्ठा टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. अमोनिया माशास अतिशय विषारी असून पाणी जितके गरम व जितके अल्कधर्मी, तितका तो अधिक मारक ठरतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट बनवितात. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. पुढे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बेताच्या प्रमाणात असेतो माशास विशेष अपाय करीत नाही, आणि पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. शेतात टाकलेल्या युरियातील नत्र जमिनीत ज्या क्रियेने नायट्रेटच्या रूपात येतो, तीच ही क्रिया आहे.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. ही वस्ती पुरेशी होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी ते कच्चेच समजावे. नव्या टाकीत पहिल्याच आठवड्यात होणाऱ्या मरतुकीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

नळाचे, विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी

मलकापूरची चोवीस तास मीटरने पाणी देणारी योजना राज्यात सर्वांच्या परिचयाची आहे. नळाला सदैव पाणी असणे ही मत्स्यालयासाठी मोठी सोय होय. परंतु पिण्यासाठी शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ज्या क्लोरीनमुळे माणसाला रोगजंतूंपासून संरक्षण मिळते, त्याच क्लोरीनमुळे माशाचे कल्ले भाजतात आणि वर सांगितलेले उपयुक्त जिवाणूही मरतात. म्हणून नळाचे पाणी थेट टाकीत कधीही सोडू नये. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या पिंपात ते चोवीस तास उघडे ठेवावे, मधून मधून ढवळावे किंवा त्यात हवेचा पंप सोडावा. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरता येतात. साधारणतः १०० लिटर पाण्यास १ ग्रॅम पुरेसे होतात.

विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण म्हणून ते निर्धास्तपणे वापरावे असे नाही. खोल कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असू शकतो. तेही एक दिवस हवेशीर ठेवून मगच वापरावे. उसाला भरघोस रासायनिक खते दिल्या जाणाऱ्या भागात विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आधीच वाढलेले असू शकते. काळ्या जमिनीतील पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. त्याचा सामू व क्षार यांची तपासणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत करून घ्यावी. जड पाण्याचे भय मात्र बाळगू नये. गप्पी, मोली व प्लॅटी या जाती अशाच पाण्यात चांगल्या वाढतात. पाणी माशाजोगे करण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडणे, हे नवशिक्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होय.

येथे एका घरगुती सवयीबाबत सावध करणे आवश्यक आहे. पुष्कळ घरांत पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवण्याची चांगली चाल आहे. परंतु तांब्यापितळेच्या भांड्यात साठविलेले पाणी मत्स्यालयात घालू नये. तांब्याचा अंश माशांना अपायकारक आहे, आणि गोगलगाय, कोळंबी यांसारख्या प्राण्यांना तर तो फारच लवकर बाधतो.

टाकी केवढी घ्यावी व कोठे ठेवावी

लहान गोल काचपात्र सांभाळण्यास सोपे, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. घागरभर पाणी लवकर तापते, लवकर निवते आणि लवकर बिघडते. पाणी अधिक असले की चुकीचा परिणाम हळूहळू होतो व ती सुधारण्यास अवधी मिळतो. ज्याच्यापाशी वेळ थोडा आहे, त्याने तर लहान टाकीच्या वाटेस मुळीच जाऊ नये.

आरंभासाठी ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर उंच अशी टाकी योग्य ठरते. ती काठापासून ५ सेंटीमीटर मोकळी ठेवून भरल्यास ६० × ३० × ३५ भागिले १,००० या हिशेबाने ६३ लिटर पाणी बसते. पाणी, वाळू व काच यांचे एकत्रित वजन ८० किलोच्या आसपास जाते, हे ध्यानी घेऊन बैठक भक्कम व समपातळीत असावी. टाकीखाली थर्मोकोलची पट्टी घातली म्हणजे बैठकीतील बारीक उंचसखलपणामुळे काच तडकत नाही.

टाकी खिडकीसमोर किंवा कवडशात ठेवू नये. थेट उन्हाने पाणी तापते आणि हिरवे शेवाळ माजते. ती चुलीपासून, धुरापासून व देवघरातील धूप-उदबत्तीपासून दूर असावी. औषधे, खते व फवारणी पंप ठेवण्याच्या खोलीत तर ती कदापि असू नये.

सामान थोडेच लागते. हवेचा पंप, त्यावर चालणारी स्पंजाची गाळणी, धुऊन घेतलेली जाड वाळू किंवा बारीक गोटे यांचा दोन बोटे थर, झाकण, साधा दिवा आणि तापमापक एवढे पुरे. याशिवाय अमोनिया व नायट्राइट मोजण्याचा तपासणी संच अवश्य घ्यावा. सजावटीच्या चार वस्तू कमी घेतल्या तरी चालतील, पण पाण्याची परीक्षा केल्यावाचून मासे सोडणे हे माती परीक्षणावाचून खताची मात्रा ठरविण्यासारखे आहे.

पहिले सहा आठवडे

टाकी जागेवर ठेवून मुरविलेल्या पाण्याने भरावी आणि पंप सुरू करावा. पंप रात्रंदिवस चालू ठेवावयाचा असतो. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. पाणवनस्पती लावावयाच्या असल्यास त्या याच वेळी लावाव्यात. त्यानंतर दररोज माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकीत टाकावी. टाकीत मासा नसताना खाद्य कशासाठी, असे घरातील मुले विचारतील. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते, असे त्यांना समजावून सांगावे. मुलांसाठी तो विज्ञानाचा एक उत्तम पाठ ठरतो.

जुन्या व निरोगी मत्स्यालयातील मूठभर वाळू किंवा वापरातील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास तो नव्या टाकीत घालावा. दह्याला विरजण लावावे तसे हे आहे. त्यामुळे मुरण्याचा काळ पुष्कळ कमी होतो. मात्र ज्या टाकीत रोग आहे, तेथून असे विरजण आणू नये.

आठवड्यातून दोनदा पाण्याची तपासणी करून आकडे वहीत लिहावेत. प्रथम अमोनिया वाढतो. काही दिवसांनी तो उतरू लागून नायट्राइट वाढते. शेवटी तेही उतरते. खाद्याची चिमूट चालू असूनही अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही सतत आठवडाभर शून्य दाखवीत असतील, तेव्हा टाकी तयार झाली असे समजावे. मग एक-चतुर्थांश पाणी बदलून मासे आणण्याची तयारी करावी. तारीख पाहून नव्हे, तर पाण्याची परीक्षा घेऊन मासे आणावेत.

मासे आणणे व सोडणे

पहिल्या खेपेस चार-पाच लहान मासेच आणावेत. गप्पी, प्लॅटी, मोली व झेब्रा मासा या काटक जाती नवशिक्याला चांगल्या होत. यांपैकी झेब्रा मासा मूळचा भारतातील ओढ्यानाल्यांचा रहिवासी आहे. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा तर हिवताप निर्मूलनाच्या कामामुळे गावोगावी परिचयाचा आहे. सोनेरी मासा पाहण्यास मोहक असला तरी तो मोठा होतो व पुष्कळ घाण करतो. ६० लिटरच्या टाकीत त्याला घेऊ नये.

दुकानातील ज्या टाकीत एकही मासा मेलेला, अंगावर पांढरे ठिपके असलेला किंवा पंख मिटून बसलेला दिसेल, त्या टाकीतील मासा घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी बंद स्थितीत पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. नंतर पिशवी उघडून तीत टाकीतील पाणी थोडे थोडे अर्ध्या तासात मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

पहिल्या खेपेचे मासे दोन आठवडे ठणठणीत राहिले, तरच दुसरी खेप आणावी. ही दुसरी खेप आधी वेगळ्या टबात दोन आठवडे ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. नवे जनावर गोठ्यात लगेच बांधीत नाहीत, तोच हा नियम. एकंदर संख्या ठरविताना २ लिटर पाण्यास माशाची १ सेंटीमीटर लांबी, असा हिशेब धरावा. त्या मानाने ६३ लिटरच्या टाकीत ३ सेंटीमीटरचे दहा मासे पुरेत.

कामाच्या माणसाचे वेळापत्रक

मत्स्यालयास वेळ पुष्कळ लागतो हे खरे नाही. तो नियमित लागतो हे खरे आहे. रोज सकाळी मासे मोजावेत, ते नेहमीसारखे पोहतात की नाही ते पाहावे, तापमान वाचावे आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. या सर्वांस पाच मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढावा. काचेवरील शेवाळ पुसावे, नळीने तळाची घाण ओढून एक बादली, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी काढावे आणि तेवढेच मुरविलेले पाणी भरावे. काढलेले पाणी परसातील भाजीस किंवा तुळशीस घालावे. ते चांगले पातळ खत असते.

महिन्यातून एकदा स्पंज धुवावा. तो नळाखाली धरून पांढराशुभ्र करू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळून परत बसवावा. नळाखाली धुतल्याने महिनाभर जोपासलेली जिवाणूंची वस्ती क्षणात नष्ट होते. सर्व पाणी उपसून टाकी घासून काढण्याची सवयही याच कारणाने घातक आहे.

सुगीच्या दिवसांत किंवा लग्नकार्यास तीन-चार दिवस बाहेर जाणे झाले, तर मोठे मासे उपाशी राहूनही सुखरूप असतात. शेजाऱ्याला खाद्य घालण्यास सांगितल्यास तो प्रेमापोटी मूठ रिकामी करतो आणि पाणी नासते. सांगणे आवश्यकच असेल, तर रोजच्या खाद्याच्या कागदी पुड्या बांधून द्याव्यात. उपासमारीपेक्षा अतिखाद्याने मासे अधिक मरतात, हे विसरू नये.

फवारणी, वीज व उन्हाळा

शेतकऱ्याच्या घरातील मत्स्यालयास एक धोका शहरातील घरापेक्षा अधिक असतो. तो कीटकनाशकांचा होय. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक आहेत. मोरचुदातील तांबेही तसेच मारक आहे. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. औषध कालविण्याची बादली किंवा मग मत्स्यालयासाठी कधीही वापरू नये. मत्स्यालयाची बादली निराळी ठेवून तिच्यावर खूण करावी. घरात डास-ढेकणांसाठी औषध मारावयाचे झाल्यास टाकी झाकून हवेचा पंप काही वेळ बंद ठेवावा, कारण पंप खोलीतील हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो.

वीज गेल्यास घाबरून जाऊ नये. मासे थोडे असतील तर काही तास निभावतात. वीज लवकर न आल्यास तांब्याभर पाणी उचलून वरून धार धरावी. हे दर अर्ध्या तासाने दहा-वीस वेळा केल्यास पाण्यात प्राणवायू मिसळतो. तांब्या मात्र स्टीलचा किंवा प्लास्टिकचा असावा. अशा वेळी खाद्य घालू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जातो. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून झाकण किंचित उघडे ठेवावे, दिवा बंद ठेवावा आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा.

खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय

चित्रांत व चित्रफितींत समुद्रतळावरील प्रवाळ आणि त्यांतून फिरणारे नारिंगी-पांढरे विदूषक मासे पाहून तसे मत्स्यालय घरी करण्याची इच्छा अनेकांना होते. महाराष्ट्रातील सामान्य जनतेला समुद्रातील माशांचे जवळून दर्शन घडविण्याचे काम मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक दशके केले; त्याचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले होते. प्रवाळ आपल्या राज्याच्या समुद्रातही आहेत. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे प्रवाळांचे मोठे पठार आहे.

खारे मत्स्यालय मलकापुरात करता येणार नाही असे नाही; पण तो आरंभाचा पाठ नव्हे. सह्याद्रीपलीकडून समुद्राचे पाणी आणण्याचे कारण पडत नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात यासाठी खास मिळणारे कृत्रिम सागरी मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून ते तयार करतात. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी अनेक क्षार असतात. टाकी २०० लिटरच्या आसपास असावी लागते. तेवढ्या पाण्यास ७ किलो मीठ लागते, आणि दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलण्यास पुन्हा ७०० ग्रॅम. पाणी वाफ होऊन उडते तेव्हा मीठ मागे राहते. म्हणून घट भरून काढताना खारे नव्हे, तर गोडे पाणी घालावयाचे असते. हा एक नियम न कळल्याने पाण्याची क्षारता वाढत जाते व मासे मरतात.

प्रवाळ हे दगड किंवा झाड नसून प्राणी आहेत. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने त्यांच्यासाठी अन्न तयार करते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात; १९९८ साली समुद्राचे पाणी तापल्याने जगातील व भारतातील प्रवाळांची अशी मोठी हानी झाली. विस्तीर्ण समुद्रात जे घडते, ते खोलीतील टाकीत उन्हाळ्याच्या एका दुपारी घडू शकते. त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र, प्रखर दिवे आणि अखंड वीज लागते.

याहून महत्त्वाची बाब कायद्याची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये खडक रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वाघाप्रमाणेच सर्वोच्च संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे व त्यांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा ठरतो. एखाद्या दुकानात ते दिसले म्हणून घेणे निर्दोष ठरत नाही. मालवणला सहलीस गेले असता प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणणेही टाळावे. ज्यास पुढे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय करावयाचेच आहे, त्याने मानवनिर्मित सच्छिद्र दगड आणि बीजकेंद्रात पैदास केलेले विदूषक मासे एवढ्यावर समाधान मानावे. असे मासे बंदिस्त पाण्यात वाढविण्याचे तंत्र भारतीय संशोधन संस्थांनी सिद्ध केलेले आहे.

खाऱ्या टाकीचे काढलेले पाणी शेतात किंवा परसात मुळीच टाकू नये. कृष्णाकाठच्या अतिपाण्याने खारवट व चोपण झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे कारण सांगण्याची गरज नाही. गोड्या पाण्याची टाकी एक वर्ष एकही मोठी मरतूक न होता सांभाळता आली, म्हणजेच खाऱ्या पाण्याचा विचार करावा. दोन्हींतील मूळ विद्या एकच आहे; खाऱ्या पाण्यात चुकीला क्षमा कमी, एवढाच फरक.

छंदातून जोडधंदा

वर्षभराचा अनुभव गाठीशी आल्यावर परसातील सावलीत तीन-चार सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी किंवा मोलीची पैदास करता येते. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो, म्हणून अशा टाक्या दोन-तीन आठवडे वारंवार पाणी भरून व उपसून निवळून घ्याव्यात. गप्पीची मादी सुमारे चार आठवड्यांनी पिले देते. मोठे मासे पिले खातात. यास्तव टाकीत दाट पाणवनस्पती ठेवाव्यात किंवा व्यायला आलेली मादी वेगळी काढावी. खरेदीदार कोण व तो किती मासे घेईल, हे आधी विचारून मगच टाक्यांची संख्या वाढवावी.

केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आला. तीत सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली होती. चालू वर्षी कोणते साहाय्य उपलब्ध आहे, याची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी आणि मंजुरी हाती आल्यावरच खर्चास हात घालावा.

नदीची जबाबदारी

कंटाळा आला किंवा मासे फार वाढले, म्हणजे ते नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडून देण्याची इच्छा होते. त्यात भूतदया आहे असे वाटते, पण परिणाम उलटा होतो. परक्या देशातील मासे आपल्या पाण्यात रुजले की स्थानिक माशांची अंडी व अन्न खातात आणि त्यांना हुसकावून लावतात. शोभेसाठी आणलेला, टाकीची काच चाटणारा सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, तो अशाच मार्गाने. त्या माशाला बाजारात किंमत नाही, आणि त्याच्या टणक काट्यांनी जाळी फाटतात; नुकसान मच्छीमाराला सोसावे लागते. कोयना आणि कृष्णा यांच्या संगमाचे पाणी हे सर्वांच्या मालकीचे आहे. नको असलेले मासे दुसऱ्या हौशी माणसाला, शाळेला किंवा दुकानदाराला परत द्यावेत; वाहत्या पाण्यात सोडू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील शाळेत अशी एक टाकी आदर्श म्हणून उभारण्यास साहाय्य करावे. टाकीशेजारी पाण्याच्या तपासणीचे आकडे लिहिलेला तक्ता टांगावा. पहिला महिनाभर ती टाकी रिकामी दिसेल आणि येणारे-जाणारे विचारतील, ‘मासे कोठे आहेत?’ त्या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच देऊ द्यावे. रिकाम्या दिसणाऱ्या त्या पाण्यात काय घडत आहे, हे ज्या मुलाला सांगता येईल, त्याच्या हाती मासे सुरक्षित राहतील.